सत्तावीस आणि चौतीस

"ओटा कुणाच्या मापाचा घ्यायचा?" मी विचारलं आणि स्वयंपाकघरातली तिन्ही माणसं एकदम गप्प झाली.

मी हातात टेप धरून उभा होतो. समोर रणधीर सासने, दूध संघात हिशेबनीस. त्याच्या उजव्या हाताला त्याची आई, अक्काताई; उंची जेमतेम साडेचार फूट. डाव्या हाताला बायको, वैजयंता; नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच, त्यामुळे फोटो काढताना तिला नेहमी खुर्चीवर बसवत. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं ते जुनं कौलारू घर, मातीच्या भिंती, आणि आठ बाय दहाचं काजळलेलं स्वयंपाकघर. ते नवं करायचं होतं. माझ्या एकट्याच्या नावावरचं ते पहिलं काम. त्याआधी नऊ वर्षं मी ईश्वरानानांच्या हाताखाली होतो. हे काम बिघडलं असतं तर पेठेत माझं नाव निघायच्या आधीच पुसलं गेलं असतं आणि मी पुन्हा नानांच्या पाठीमागे पाटी घेऊन चढलो असतो.

"नेहमीचं असतंय तसं घे की," रणधीर म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

"नेहमीचं असं काय नसतंय, मालक. जी बाई राबणार तिनं कोपर वाकवून उभं ऱ्हायचं. कोपराखाली वीतभर माप सोडलं की तिथं ओट्याची कड."

हे नानांचं शिकवणं होतं. सगळ्या चुका पोटात घालणारे नाना चुकीच्या उंचीचा ओटा दिसला की दिवसभर जेवत नसत. मी दोघींचीही मापं घेतली. अक्काताईंचं आलं सत्तावीस इंच, वैजयंताचं चौतीस. जुना शहाबादी ओटा मोजला तर तोही सत्तावीसच.

"आधी खर्चाचं बघा," अक्काताई म्हणाल्या. "भैरू, तिला सांग च्या टाक म्हणावं."

वैजयंता तर तिथंच, तीन हातांवर उभी होती. मी चमकून बघितलं. वैजयंताही माझ्याकडेच बघून म्हणाली, "मिस्त्री, आईंना सांगा, आधण ठेवलंय."

मग हळूहळू उलगडा झाला. देवाचं, बाजाराचं, पाहुण्यांचं त्या दोघी एकमेकींशी सरळ बोलायच्या. फक्त स्वयंपाकघरातलं बोलणं तिसऱ्यामार्फत चालायचं. तीन वर्षांपूर्वी एकदा वैजयंता कळवळून म्हणाली होती, "ह्या ओट्यानं माझी कंबर मोडली." तो ओटा अक्काताईंच्या मालकांनी, म्हणजे गेलेल्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हातानं बांधलेला. अक्काताई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून मीठ, पीठ, कुकर यांबद्दलचे सगळे निरोप रणधीरमार्फत जायला लागले, रणधीर कामावर असेल तर मांजरामार्फत. आता मी आलो होतो, त्यामुळे मांजराला सुट्टी मिळाली.

रणधीरनं कॅलेंडरचं मागचं पान पसरलं. "चाळीस हजार," तो म्हणाला. "आईची पोस्टातली सर्टिफिकिटं सुटली त्याचे पंचवीस, माझे पंधरा. एकेचाळीसावं हजार ह्या घरात न्हाई."

माझा अंदाज निघाला एक्कावन्न हजार तीनशे. तो ऐकून रणधीरनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ते काढताना तो माझ्यावरची नजर हलवेना.

आणि मग काटछाट सुरू झाली. ती मात्र मी कधी पाहिली नव्हती अशी.

"भैरू, ग्रॅनाईट काढ," अक्काताई म्हणाल्या. "कडाप्पा घाल. काळा काय आणि काळा काय."

साडेचार हजार उडाले.

"मिस्त्री, टाइल्स छतापर्यंत नकोत. ओट्यावर दोन फूट पुरे," वैजयंता म्हणाली. "वरच्या भिंतीला कोण फोडणी देतंय?"

बत्तीसशे गेले. मग सरकत्या ट्रॉल्या गेल्या, तीन हजार. दोघी एकमेकींकडे न बघता, माझ्याकडे तोंड करून, भाजी निवडावी तशी यादी निवडत होत्या. रणधीर बेरीज करून करून घामाघूम झाला. शेवटी सहाशे रुपयांवर गाडं अडलं. यादीत उरला होता धूर ओढणारा पंखा, साडेनऊशेचा. एवढा वेळ पटापट बोलणाऱ्या दोघी पहिल्यांदाच थांबल्या. त्या खोलीला एकच खिडकी, तीही हाताएवढी. फोडणीच्या धुरानं दोघींचे डोळे बारा महिने लाल. पंखा दोघींनाही हवा होता हे मला स्पष्ट दिसत होतं.

"काढा पंखा," वैजयंता म्हणाली.

"काढ," अक्काताई म्हणाल्या.

एकोणचाळीस हजार सहाशे पन्नास. त्यात दोन हजार अडीअडचणीला धरलेले. रणधीरनं त्याखाली दोन रेघा ओढल्या, अगदी पट्टी लावून. ओट्याच्या उंचीचा प्रश्न न सुटताच चहाच्या कपांबरोबर उचलला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळू बघायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी वैजयंता उभी. डबा दळायला ठेवला होता. मला हातानं बाजूला बोलावलं.

"मिस्त्री, ओटा आईंच्या मापाचा करा. सत्तावीस."

"वहिनी, आणि तुमची कंबर?"

"माझी कंबर माझं मी बघते. हे बघा, आता आई घरात दुसरं काही करत नाहीत. दोन वेळची भाकरी तेवढी त्यांची. मी रत्नागिरीची, मला भात कळतो, भाकरी अजून जमत नाही. त्या भाकरी थापायला उभ्या राहिल्या की त्यांचा चेहरा बघा तुम्ही. ओटा उंच झाला तर त्यांचा हात पोचायचा नाही. भाकरी सुटली की त्या खाटेवर बसतील आणि मग उठायच्या नाहीत."

"पायाखाली पाट घेतील की."

"गेल्या साली घेतला होता, वरचा डबा काढायला. पडल्या. मनगट दोन महिने गळ्यात बांधलेलं होतं." तिनं आवाज खाली आणला. "तीन वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोलून गेले. तो ओटा कुणी बांधलाय ते मला ठाऊक नव्हतं. आता काही ते परत घेता येत नाही."

तिनं पदराआडून पाचशेची नोट काढली. ती घरी ब्लाउज शिवायची. नोटेवर शिवणाच्या खडूचा निळा डाग होता. "सत्तावीस इंचाखाली सिलिंडर बसत नाही, मला माहीत आहे. त्याला शेजारी कट्टा लागेल, त्याचे हे. ह्यांच्या कागदावर चढवू नका. आणि मी सांगितलं असं बोलायचं नाही. वचन द्या."

मी थापीला हात लावून वचन दिलं. मनातून मला फार बरं वाटलं. पहिल्याच कामात इतकं चांगलं माणूस भेटलं होतं आणि उंचीचा प्रश्नही सुटला होता.

तो दुपारी जेवणापर्यंत सुटलेला राहिला.

वैजयंता कपडे वाळत घालायला मागे गेली तशा अक्काताई माझ्या ताटात भाकरी टाकायला आल्या आणि तिथंच खाली बसल्या. "भैरू, ऐक. ओटा तिच्या मापाचा कर. चौतीस."

माझा घास हातातच राहिला. "अक्का, तुमाला पोचायचा न्हाई त्यो."

"न पोचू दे. मला काय आता आयुष्यभर थापायच्यात? हे बघ, अडतीस वरसांमागं आमच्या मालकांनी ह्यो ओटा बांधला, तवा मला हितंच उभी केली. कोपर वाकवाय लावलं. सासूबाई दारातनं बघत हुत्या, मला लाजंनं मेल्यागत झालं. पन त्या दिसापास्नं माझी पाठ कधी दुखली न्हाई. बाईला जन्मात एक तरी वस्तू तिच्या मापाची मिळावी रे. तिला न्हाई मिळाली. सतरा वरसं वाकून ऱ्हायली आणि एकदाच बोलली."

"मग तुमी राग धरला म्हनत्यात..."

"राग?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला कळलंच न्हवतं इतकी वरसं. मालकांनी माझं बघितलं, मी तिचं न्हाई बघितलं. कुठल्या तोंडानं बोलू तिच्यासंगं त्या ओट्यापुढं?"

मग कनवटीची पुरचुंडी निघाली. जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत पन्नासच्या दहा नोटा, गाठ मारून. "उंच करायला विटा ज्यास्त लागतील, त्याचं ह्ये. रणधीरला सांगू नको. आणि माझं नाव तोंडातनं काढशील तर अंबाबाईची शप्पथ हाय."

मी शपथही घेतली. भाकरी सुरेख होती, पण ती मी एक हात खिशावर ठेवूनच संपवली. एका खिशात सत्तावीस इंच, दुसऱ्या खिशात चौतीस इंच. मला काही सांगता येत नव्हतं आणि कुणाला विचारताही येत नव्हतं.

मंगळवारी मी काम सुरू केलं. स्वयंपाकघराच्या दाराला ताडपत्री लावली आणि घरच्यांनी गॅसची शेगडी पडवीत मांडली. सिंककडचा अर्धा ओटा मी फोडून काढला. तो काढताच मागच्या भिंतीचा गिलावा सुपाएवढा निसटून खाली आला. त्यामागं पांढरी माती, त्यात उंदरांची दोन-तीन पिढ्यांची घरं. जुन्या घरात एका ठिकाणी हात घातला की दहा ठिकाणी घालावा लागतो. भिंत बांधून घेण्यात अडीअडचणीचे दोन हजार गेले आणि वर रणधीरनं जपलेले तीनशे पन्नासही गेले. संध्याकाळी त्यानं कागदावर ते आकडे खोडले तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "आता चाळीसला चाळीस," तो म्हणाला. "एक खिळा ज्यास्त न्हाई." उंचीचं काय ठरलं असं मी हळूच विचारलं, तर त्यानं मापांकडे बघितलं, दोन्हींची बेरीज केली आणि दोनानं भागलं. "साडेतीस घे. मधलं. कुनाचीच तक्रार नको."

ते मला पटलंही असतं. नव्हे, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ते पटवून घेतलंच होतं.

पण बुधवारी दुपारी मी पडवीत पाणी प्यायला गेलो. तिथं वैजयंताचं शिवणयंत्र बाजूला काढून त्याच्या टेबलावर स्वयंपाक चालला होता. अक्काताई भाकरी थापत होत्या. टेबल त्यांच्या पोटाच्या वर येत होतं. हात वरून सरळ न पडता तिरका पडत होता. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला विरलेली, आणि तव्यावर टाकताना ती मधोमध तुटली. त्यांनी दुसरी घेतली. तीही तुटली.

"भैरू, तिला सांग, पीठ जुनं हाय वाटतं," अक्काताई म्हणाल्या.

पीठ सोमवारीच दळून आणलेलं होतं. मी स्वतः त्या डब्याशेजारी उभा होतो.

"मिस्त्री, आईंना सांगा, हो, जुनंच असेल. मला तुटलेलीच आवडते," वैजयंता म्हणाली. तिनं दोन्ही तुकडे आपल्या ताटात घेतले. मग भाजी परतायला टेबलाशी उभी राहिली आणि दोनच मिनिटांत तिचा डावा हात कमरेवर गेला.

मी टेप काढला आणि पाणी पितोय असं दाखवत टेबल मोजलं. साडेतीस इंच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. रणधीरचं मधलं माप माझ्यासमोर उभं होतं आणि ते दोघींच्याही उपयोगाचं नव्हतं.

मी ताडपत्रीआड गेलो, उरलेल्या अर्ध्या ओट्यावर घण उगारला, आणि तसाच थांबलो.

फरशी मधोमध किंचित खोलगट झालेली होती. परातीची बुडं आणि थापलेल्या भाकऱ्या यांनी अडतीस वर्षांत ती झिजली होती. मी ओल्या पोत्यानं तो भाग पुसला. काजळीखालून निळसर दगड निघाला, कुठंही तडा नाही. खालचं बांधकाम हलवून बघितलं, हललं नाही. मी किती मूर्ख होतो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तीन दिवस कोण उभं राहणार एवढंच बघत होतो, काय करणार ते बघितलंच नव्हतं. भाकरीला हात वरून पडायला हवा, ती खालीच थापायला हवी. गॅस, पोळी, सिंक, सगळं वैजयंताचं. ते वर हवं. एकाच ओट्यानं हे होणार नव्हतं. दोन हवे होते. आणि त्यातला एक बांधून तयार होता, फुकट.

घण मी कोपऱ्यात ठेवला.

पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. जुन्या ओट्याचा साडेतीन फुटांचा तुकडा मी तसाच ठेवला, घासून पुसून त्याच्या कडा गोल केल्या. त्याला लागून चौतीस इंचांवर नवा कडाप्पा बसवला. खाली सिलिंडर ऐसपैस बसला. त्याला वेगळा कट्टा लागला नाही, आणि इकडच्या विटा वाचल्या त्या तिकडे पुरल्या. कागदावरचा आकडा चाळीसाच्या पुढे एक रुपया गेला नाही.

सगळ्यात मौज ही की कुणी आत डोकावलंही नाही. दोघींनीही मनाशी धरलं होतं की आत आपलं गुपित शिजतंय.

"भैरू, तिला सांग, आत धूळ हाय. शिंका येतील."

"मिस्त्री, आईंना सांगा, ओलं आहे, पाय घसरेल."

दोघी एकमेकींना ताडपत्रीपासून दूर ठेवत होत्या आणि माझ्याकडे बघून भुवई उडवत होत्या. मीही उलटून उडवायचो. माझ्या भुवया त्या आठवड्यात दुखायला लागल्या.

सोमवारी संध्याकाळी मात्र रणधीर बिलं घ्यायला आला आणि ताडपत्री बाजूला करून सरळ आत शिरला. शिरला तो शिरलाच. बराच वेळ तो त्या सात इंचांच्या पायरीकडे बघत राहिला.

"भैरू, ह्ये काय केलंस?"

"ओटा."

"अर्धा खाली, अर्धा वर? निम्म्यात माल संपला काय तुझा? अरे, गल्लीत कुनाला दाखवायचं कसं? दोन चुली मांडल्या म्हनतील, घर फुटलं म्हनतील." तो खरंच घाबरला होता. "उद्याच्या उद्या सारखा कर. न्हाईतर शेवटचे पाच हजार विसर."

पाच हजार म्हणजे माझी सगळी मजुरी. बाकीचं मालाचं आणि हमालांचं. तरी मी म्हणालो, "मालक, सकाळी दोघींना बघू द्या. त्यातल्या एकीनं जरी मोड म्हटलं, तर माझ्या खर्चानं मोडतो. मजुरी पन नको."

"का केलंस ते तर सांग."

"ते सांगता येत न्हाई."

"का?"

"ते पन सांगता येत न्हाई."

रणधीर डोकं हलवत गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोघींना दिलेला शब्द मी अर्धा अर्धा मोडला होता, हे मला आत्ता कुठं कळत होतं.

सकाळी आठला मी ताडपत्री काढली. दोघी एकदमच आत आल्या, कारण दोघींनाही दुसरीचा चेहरा बघायचा होता. अक्काताई दारातून सरळ उंच भागाशी गेल्या, कडाप्प्यावर हात ठेवला. तो त्यांच्या छातीला लागला. त्या समाधानानं हसल्या. वैजयंता खालच्या भागाशी गेली, झिजलेल्या फरशीवरून तिनं बोटं फिरवली, तीही हसली. मग दोघींनी मान वळवून उरलेला ओटा बघितला आणि दोघींचंही हसू थांबलं.

"ह्यो कुनाचा?" अक्काताईंनी खालच्या भागाकडे बोट केलं. मला विचारलं.

"आणि हा उंच कुणी सांगितला?" वैजयंतानंही मलाच विचारलं.

रणधीर दारात हाताची घडी घालून उभा होता. मी थापीची शपथ घेतलेली, अंबाबाईची घेतलेली.

पण शपथ बोलण्याची होती. मी दोन्ही खिशांत हात घातले. हिरव्या चिंधीची पुरचुंडी काढून उंच कडाप्प्यावर ठेवली. निळ्या डागाची नोट काढून खालच्या शहाबादीवर ठेवली. आणि दोन पावलं मागं सरकलो.

वैजयंता त्या चिंधीकडे बघत राहिली. सासूचं लुगडं तिनंच फाडून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. अक्काताईंनी नोट उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि खडूच्या डागावर अंगठा घासला. बाहेर नळाला पाणी आल्याचा कालवा चालला होता.

"वैजू," अक्काताई म्हणाल्या. तिच्याकडे बघून, सरळ. "सत्तावीस इंचावर तू आनखी किती वरसं वाकणार हुतीस?"

"आणि तुम्ही भाकरी कुठं थापणार होता? जमिनीवर बसून?"

"मला इचारलं न्हाईस ते."

"तुम्ही तरी कुठं विचारलं?"

"तीन वरसं बोलाय तोंड न्हवतं माझं."

"माझंही नव्हतं," वैजयंता म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. मग तिला हसू आलं, अक्काताईंनाही आलं, आणि दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसायला लागल्या. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्याच्याही खाली. माझे डोळे भरून आले. मी ते सिमेंटवर ढकललं आणि बाही फिरवली. रणधीरला काहीच समजलं नव्हतं, पण तोही नाक ओढत होता.

"मोडायचा का?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"हात तर लाव," अक्काताई म्हणाल्या.

परात आली. अक्काताईंनी जुन्या फरशीवर पीठ घेतलं आणि पहिलीच भाकरी अशी गोल उतरली की परकारानं काढावी. शेजारी वैजयंता ताठ उभी राहून वांगी परतत होती, डावा हात मोकळा, कमरेवर नाही. मिरचीचा ठसका उठला आणि सगळे एकदम खोकायला लागलो.

"मिस्त्री," रणधीर डोळे पुसत हळूच म्हणाला, "ते हजार रुपये कागदावर कुठं चढवू?"

"चढवू नको," आई म्हणाली.

"चढवू नका," बायको म्हणाली. "त्याचा पंखा आणा. धुराचा. आत्ताच्या आत्ता."

रणधीर चपला घालून निघाला. जाताना माझे पाच हजार माझ्या हातावर ठेवले, न मोजता. त्या माणसाच्या बाबतीत ती मोठी गोष्ट होती.

मी हत्यारं गोळा करायला लागलो. मागं बोलणं चाललं होतं.

"मीठ किती घातलंस?"

"नेहमीचंच."

"तुझं नेहमीचं म्हंजे खारट."

"मग तुम्ही चाखून सांगा ना. हे घ्या."

"काय राहिलंय का अजून, अक्का?" मी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. मिठाचा वाद रंगात आला होता, माझ्याकडे बघायला दोघींनाही फुरसत नव्हती. आठ दिवस त्यांचे निरोप वाहून मला सवय झाली होती. जरा चुकल्याचुकल्यासारखंही झालं. मी ओळंबा गुंडाळला आणि दारातल्या मांजराला ओलांडून बाहेर पडलो.

याला आता तेवीस वर्षं झाली. त्यानंतर मी तीनशेच्या वर ओटे बांधले. ओटा कुणाच्या मापाचा, हे अजूनही विचारतो, पण सगळ्यांच्या समोर कधीच नाही. घरातल्या एकेका बाईला एकटीला गाठून विचारतो. बहुतेक जणी दुसरीचंच माप सांगतात.